अकरा भोकं

चोक अर्धाच ओढायचा. ॲक्सिलरेटर तीनदा, चौथ्यांदा नाही.
मग थांबायचं, एक सुस्कारा सुटेल इतकं,
आणि मग बटण.
हे पुस्तकात नाही. मला वाल्देमारनं सांगितलं,
त्याला त्याच्या मावसभावानं,
आणि मावसभावाला बहुधा गाडीनंच.

ताक्वारेम्बोच्या उत्तरेला जुलैत दव गोठतं.
मेंढ्या उभ्या जागी पांढऱ्याच्या आणखी पांढऱ्या होतात
आणि एकावन्न सालची ही शेवरले
म्हाताऱ्या कुत्र्यासारखी आधी एकच डोळा उघडते.
दुसरा दिवा कधी लागतो, कधी नाही.

डावं दार रिव्हेराजवळ उलटलेल्या एका गाडीचं.
ते बोटभर लांब आहे, म्हणून तारेनं बांधते.
सीट बसची, पाठीवर अजून चौदा आकडा.
पाण्याच्या पंपाचं गास्केट बुटाच्या खोक्यातून कापलेलं,
चहाच्या बशीभोवती पेन्सिल फिरवून.
कार्ब्युरेटरच्या तरंग्याला तीनदा डाग दिलाय,
इतका की तो आता तरंगायचं विसरत चाललाय.
पाचवा सिलिंडर माझ्याशी बोलत नाही.
मीही त्याच्याशी बोलत नाही.

माँतेविदेओहून एक माणूस आला होता, हातमोजे घालून.
विचारलं, यातलं मूळचं काय काय आहे?
मी म्हटलं, नंबरप्लेट. मग आठवलं, तीही बदललेली.

या वर्षी रंग द्यायलाच हवा होता.
गंजानं पायाखाली खिडकी उघडली होती,
ब्रेक दाबताना खालून रस्ता पळताना दिसायचा,
पावसात पायमोजे भिजायचे.
पत्रा ठोकला, मग उजव्या दारावर कागद घासत बसले.
हिरवा गेला. त्याखाली राखाडी. त्याखाली निळा,
शाळेच्या बाकासारखा.
आणि निळ्याखाली, नखाएवढं नखाएवढं करत,
अक्षरं.

बेकरी. इरिगाराय बंधू.
फोन त्रेचाळीस.

दार दुसऱ्या गाडीचं असेल म्हणावं
तर मागे हौद्यात अकरा भोकं आहेत.
एकोणीस वर्षं त्यांना शिव्या घालतेय मी.
त्यांतून मका गळला, मीठ गळलं,
एकदा खिळ्यांचं आख्खं पुडकं.
बोल्ट ठोकले, डांबर भरलं, दारूच्या बाटल्यांची बुचं कोंबली,
आणि ज्यानं ड्रिल चालवलं त्याच्या सात पिढ्या काढल्या.
आता टेप धरून मोजलं.
सारखं अंतर. दोन रांगा.
एक जास्तीचं, चुकून पाडलेलं.
पावाच्या फळ्या उभ्या होत्या इथं.

डेल्मिरा आजींना विचारलं. एक्याण्णव वर्षांच्या,
डोळ्यांनी अंधूक, जिभेनं नाही.
हो, म्हणाल्या, आठवते ना गाडी,
दोनदा लांब, एकदा आखूड हॉर्न.
आम्ही पोरं अनवाणी पळत सुटायचो.
मी वाट पाहिली. आता म्हणतील, काय तो वास, काय ती चव.
म्हणाल्या, पाव मात्र बारका.
वजनात मारायचे मेले.

मी रंग लावला. हिरवाच.
हात अक्षरांपाशी आला तेव्हा जरा रेंगाळला,
पण उघडा पत्रा गंजाला आमंत्रण,
आणि मला अजून दहा वर्षं मेंढ्या न्यायच्या आहेत.
दोन हात दिले. दुसरा वाळायच्या आत
त्यावर एक टोळ बसला. तो तिथंच आहे.

बोल्ट मात्र सगळे काढले.
का, ते वाल्देमारला सांगता आलं नाही.
काल गावातून मका आणला, पोत्याला कुठंतरी चीर.
फाटकाशी येऊन मागे पाहिलं
तर सगळ्या रस्त्यावर पिवळी बारीक रेघ,
आणि रेघेवर, एकामागून एक, पारवे,
कुणीतरी बोलावल्यासारखे.

हॉर्न वाजत नाही. कधीच वाजलेला मला आठवत नाही.
वाल्देमार म्हणतो, वायर कुठेतरी तुटली असणार, शोधू.
रविवारी.
थंडी कमी असली तर.